शेवटच्या माणसाचा हात

शेवटच्या रांगेत एका बाईनं हात वर केला होता, तो तुम्ही खाली करायला लावला. आधी हे कबूल करा, मग आवाजाच्या दर्जाचं बोला. शिकवायला बसलात तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं, की खरा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो आणि जो पोचत नाही तो आवाजच नव्हे. ती मान खाली घालून ते शिकली. बरगड्या उघडून, टाळू जांभईसारखी उचलून, स्वतःच्या बोलीतले सगळे स्वर खरडून काढून शिकली. पण आवाज पोचल्यावर शेवटच्या रांगेतल्या माणसानं काय करायचं असतं, हे तुम्ही तिला कधी सांगितलं नाही. गप्प बसायचं असतं. ते तुम्ही तिच्या आईला सांगितलंत, तोंडावर बॅटरीचा उजेड मारून.

रोशनी गजभिये हे सगळं नागपूरच्या रहाटे कॉलनी चौकातल्या लाल सिग्नलवर मुंबईच्या संस्थेतल्या आपल्या गुरूंना ऐकवत होती, हेल्मेटच्या आत, तोंड मिटून, स्वतःलाच ‘ती’ म्हणत. डोक्यावरून मेट्रो गेली. ऑक्टोबरचं ऊन डांबरातून वर येऊन तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. रस्त्याच्या कडेनं माणसं दीक्षाभूमीकडे चालली होती, डोक्यावर बोचकी, पायात फुफाटा, कडेवर पोरं. आणि शेजारी एक ऑटो येऊन थांबला, त्यातून तिचाच आवाज आला.

माणूस आरशात स्वतःला पाहतो, त्याची सवय होते. स्वतःचा आवाज अनोळखी माणसाच्या मालकीचा झालेला ऐकायची सवय होत नाही. सीटखाली ठोकलेल्या डब्यातून ढोलकी धडधडत होती आणि वर तिचा आवाज, पत्र्यातून गाळून निघालेला, बारीक:

दार उघडं ठेव माय, लोक येऊन राहिले,
पायाच्या धुळीसंगं गाव घेऊन राहिले.

गाणं तिच्या बापाचं. भाऊ प्रशिकच्या दोस्तानं, पियुषनं, ते हिंगण्याच्या आपल्या खोलीत रेकॉर्ड करून मोबाइलवर सोडून दिलं होतं, आणि दुसऱ्या कडव्यानंतर शब्द संपतात तिथे ती एकदम वर गेली होती, तुम्ही शिकवलेल्या उंचीवर, नुसत्या आकारानं. ती जागा आली तेव्हा ऑटोवाल्यानं हँडलवर ताल धरणारं बोट उचलून हवेत धरलं. सूर उतरेपर्यंत ते तिथंच राहिलं. मग पुन्हा ताल. रोशनी त्या बोटाकडे पाहत राहिली.

"काय पाहून राहिल्या ताई?" त्यानं विचारलं.

"गाणं कोणाचं आहे हे?"

"मालूम नाही ना. पण हे बाई जे वर जाते ना, तिथं माही पोरगी कानावर हात ठेवते. अन् मंग म्हणते, पुन्हा लावा."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजले तरी तिचा पाय जमिनीवरून उचलेना. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. केयूर. तिनं गाडी बाजूला घेतली. केयूर नागपुरातल्या महाल भागातला, म्हणजे तिच्याच गावचा, मुंबईच्या त्या संस्थेत तालमीला पियानो वाजवायचा. पोरगा वाईट नाही. वाईट निरोप नेहमी अशाच पोरांच्या हाती पाठवतात. त्यानं निरोप सांगितला. संध्याकाळी संस्थेची कमिटी बसणार होती. गाणं त्यांच्या कानावर गेलं होतं, आज ती दीक्षाभूमीच्या रस्त्यावर स्टेजवर गाणार, हेही कळलं होतं. गाणं काढून टाकावं, आज गाऊ नये, मग डिसेंबरचं सगळं ठरल्याप्रमाणे. नाहीतर तिनं स्वतःहून कळवावं, की डिसेंबरला जमणार नाही.

"म्हणजे कोणालाच वाईट वाटणार नाही," केयूर म्हणाला. "ते म्हणतात, अशा कार्यक्रमांत गाणं आपल्या शिस्तीत बसत नाही."

"अशा म्हणजे कशा?"

केयूर म्हणाला, "तू समजून घे ना रोशनी."

समजून घ्यायचं काम या देशात कायम एकाच बाजूला दिलेलं असतं. तिनं फोन खिशात टाकला.

डिसेंबरच्या ऑपेरात ती राणी होणार होती. ऑपेरा म्हणजे काय, हे इंदोऱ्यात, आपल्या वस्तीत, समजावताना तिनं सांगितलं होतं, की आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त त्यात कोणी साधं बोलतच नाही, भांडतात ते गाण्यात आणि मरतात तेही गाण्यात. शेजारच्या इंदूबाईनं मोबाइलवर एक बाई मरताना पूर्ण ऐकली आणि विचारलं, "इतका दम आहे तं मरते काहून वं?" रोशनी तेव्हा हसली होती, पण त्या प्रश्नात काही चूक नव्हती. आजवर तिला मरायलासुद्धा मिळालं नव्हतं. मरतात त्या राण्या. रोशनीला मोलकरणी मिळायच्या. ट्रे घेऊन आत येणाऱ्या, चिठ्ठ्या पोचवणाऱ्या, मालकिणीच्या प्रियकराला पडद्यामागे लपवणाऱ्या. तिचा आवाज चपळ आहे, त्याला तेच शोभतं, असं तुम्ही म्हणायचात. तिची आजी खरीच लोकांकडे भांडी घासायची. ती कधी ट्रे घेऊन गिरकी मारत नव्हती, पण ते जाऊ द्या. मोलकरणी तिनं अशा केल्या की लोक राणीला विसरून तिच्यासाठी टाळ्या वाजवायचे. आणि आता कुठे, किती वर्षांनी, राणी. महाल सोडायला नकार देणारी राणी. तिसऱ्या अंकात तिचं एकटीचं लांब गाणं आहे, जवळजवळ काही न वाजता. ते तिला झोपेतही येत होतं. कढईत पोहे परतताना येत होतं. आवडत होतं ते गाणं तिला, आईच्या हातच्या वासासारखं आवडत होतं, आणि यातच सगळी पंचाईत होती. नावडतं असतं तर तुमच्या तोंडावर फेकून मोकळी झाली असती.

दुभाजकाजवळ पिवळं फूल आलेलं एक झुडूप ट्रकच्या वाऱ्यानं हलत होतं. तिला सिस्टरची खोली आठवली; तिच्या खिडकीशीही असंच झुडूप होतं. कॉन्व्हेंट शाळेत प्रार्थनेला सगळ्या मुली गायच्या, आणि रोशनी गायला लागली की बाकीच्या आपोआप हळू व्हायच्या. सिस्टरनं तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि तिच्या पोटावर आपली वही ठेवून म्हणाली, ही वही श्वासानं हलव. त्या खोलीत उंच छत होतं. तिथे पहिल्यांदा आवाज सोडला तेव्हा तो भिंतीवर जाऊन, फिरून, मोठा होऊन परत आला. कोणीतरी आपल्याला उत्तर दिलं, असं तिला वाटलं. घरी आवाज परत येत नव्हता. घरी एका खोलीत चौघं, कपडे, गाद्या, पत्रा. आवाज निघायचा आणि कोणाच्यातरी अंगात मुरून जायचा.

पण त्याच्याही आधी बाप होता. बळीराम गजभिये दिवसा हिंगण्याच्या कारखान्यात मशीनवर आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत. कंपनीच्या बसमधून उतरला की हातपाय धुवायचा, पांढरा सदरा घालायचा, की झाला गायक. तेव्हाचे माईक शॉक मारायचे, म्हणून तो माईकला रुमाल गुंडाळून ओठाला लावायचा. त्या रुमालाला लोखंडाचा, तंबाखूचा आणि दुसऱ्यांच्या थुंकीचा वास यायचा. पार्टीचा एक रिवाज होता. पहिलं गाणं सुरू करण्याआधी घरचं एक माणूस गर्दीतून चालत चालत पार शेवटी जायचं. जिथे शेवटची बाई पोरगं मांडीवर घेऊन बसली असेल, जिथे शेवटचा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा असेल, त्याच्याही मागं. बाप नुसती एक ओळ म्हणायचा. ऐकू आली की त्या माणसानं हात वर करायचा. हात वर झाल्याशिवाय दुसरी ओळ नाही. भोंग्याचं तोंड फिरवा, खांब सरकवा, वायर वाढवा, वाट्टेल ते करा. एकदा पाहुणे, पुढारी खुर्च्यांत चुळबुळ करत बसले होते आणि बाप थांबून राहिला होता. कोणीतरी म्हणालं, बळीरामजी, साहेबाइले उशीर होऊन राहिला. बाप म्हणाला, साहेब तं पुढंच बसले आहेत, त्याइले ऐकू येतेच. हात वर करायला कधी आई जायची, कधी रोशनी. शेवटी उभं राहून, अंधारात बसलेल्या अनोळखी माणसांत आपल्या बापाचा आवाज येताना ऐकायचा आणि हात उचलायचा. तिला तेव्हा वाटायचं, गाणं आपण हातानं सुरू करतो.

म्हणून सिंधूताईनं त्या दिवशी मुंबईच्या थिएटरात जे केलं ते चुकून नव्हतं. सिंधूताई, तिची आई, पांढरी साडी नेसून एवढ्या लांबून आली होती. फाटकावर तिला मागच्या दारानं जायला सांगितलं, कामाच्या बाया तिथूनच जातात म्हणून. ती मागच्या दारानं आली आणि शेवटच्या रांगेत बसली. ट्रे घेऊन तिची पोरगी आत आली, तोंड उघडलं, माईक नाही, काही नाही, आणि आवाज सिंधूताईपर्यंत पोचला. तिनं हात वर केला. दुसरं काय करणार? ऐकू आलं, हे सांगायलाच तर तिला आयुष्यभर शेवटी पाठवलं होतं. स्टेजवरून रोशनीला अंधारात तो हात दिसला आणि तिच्या आवाजाला पंख फुटले. मग बॅटरीचा गोल उजेड आला, आईच्या तोंडावर थांबला, आणि हात खाली गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला बोलावून गोड आवाजात सांगितलंत, की घरच्यांना सभागृहाच्या पद्धती समजावून सांगत जा. तुमच्या टेबलावर संत्री होती, नागपूरची. तिनंच आणलेली.

दीक्षाभूमीकडे वळणाऱ्या रस्त्यावर मंडप उभा होता. शेजारी भोजनदानाच्या कढया चढल्या होत्या, मसालेभाताची वाफ आणि डिझेलचा धूर एकमेकांत मिसळून गेले होते. प्रशिक खांबाला निळ्या पताका बांधत होता. तिला पाहून तो म्हणाला, "आल्या राणीसाहेब." तिनं त्याला फोनचं सांगितलं नाही. पियुषनं माईक पुढे केला. आणि इथे रोशनीनं ती चूक केली जी फक्त तुम्ही शिकवलेल्या माणसाकडूनच होऊ शकते. तिनं माईक हातानं बाजूला सारला.

"मले नाही लागत," ती म्हणाली.

आईला शेवटी पाठवलं. सिंधूताई कढयांच्या पलीकडे, पाण्याच्या टँकरच्याही पलीकडे, जिथे रस्ता वळतो तिथे जाऊन उभी राहिली. तिची पांढरी साडी बोटाएवढी दिसत होती. रोशनीनं पाय रोवले, बरगड्या उघडल्या आणि सोडला आवाज. पोळ्या लाटणाऱ्या बाया थांबल्या. भातात फिरणारा झारा थांबला. पुढची पोरं टाळ्या वाजवायला लागली. तिनं आणखी वर नेला, तिसऱ्या अंकातल्या राणीएवढा वर नेला, कपाळात शिरा तटतटल्या, आणि ती त्या बोटाएवढ्या पांढऱ्या साडीकडे पाहत राहिली. हात वर झाला नाही. तिनं पुन्हा गायलं. हात नाही. मग साडी हलली, मोठी होत होत जवळ आली, आणि पदरानं मान पुसत आईनं विचारलं, "सुरू केलं होतं का वं?"

पियुष दुसरीकडे पाहायला लागला. प्रशिक हसला आणि पताकांकडे वळला. शरमेपेक्षा रोशनीला भीती वाटली, जिना उतरताना पायरी नसावी तशी. इतकी वर्षं ती समजत होती, की आवाज पोचतो तो तिचा आहे. मग हळूहळू, उन्हात उभ्या उभ्या, तिला दिसायला लागलं. इथे भिंत नव्हती. छत नव्हतं, मखमल नव्हती, आवाज उचलून पुढे देणारं लाकूड नव्हतं. सिस्टरच्या खोलीत तिला उत्तर देणारं कोणी नव्हतं, ती भिंत होती. तुमचा अख्खा खरा आवाज भिंतींच्या भरवशावर उभा आहे. आणि भिंत दोन कामं करते. आतल्याचा आवाज मोठा करते आणि बाहेरच्याला बाहेर ठेवते. तुम्ही पहिलं काम शिकवलंत. दुसरं फाटकावरच्या माणसाला शिकवलंत. शेवटच्या रांगेपर्यंत म्हणे. शेवटच्या रांगेमागे भिंत असते आणि भिंतीमागे कोण असतं, ते तुमच्या गाण्याला ठाऊक नाही. बापाला ठाऊक होतं. तो आवाजानं थोर नव्हता, वरचा सूर लागायचा नाही, खोकायचा. पण तो भोंगा फिरवायचा.

"दे," ती पियुषला म्हणाली.

सोपं नव्हतं ते. पहिल्यांदा माईक तोंडाशी धरला आणि सवयीनं पूर्ण आवाज दिला तर भोंगा असा किंचाळला, की कढईवाल्यानं शिवी दिली. मग ती दचकून मागे सरकली, तर आवाज गायब. पियुष म्हणाला, "ताई, तुमी माईकले पाव्हण्यासारखं वागवून राहिल्या. घरचा आहे तो. तोंडाले लावा." तिनं लावला. जाळीचा गार लोखंडी वास आला, बापाच्या रुमालासारखा. ती ओळ तिनं म्हटली, जवळजवळ बोलल्यासारखी, कानात सांगितल्यासारखी. भोंग्यातून जे बाहेर आलं ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. श्वास ऐकू येत होता. ओठ सुटल्याचं ऐकू येत होतं. खरडून काढलेले ते सगळे स्वर, इंदोऱ्याचे, सकाळी नळावरचे, जागच्या जागी बसले होते. श्वास ऐकू आला की गाणं मेलं, असं तुम्ही म्हणायचात. इथे श्वास रस्त्याच्या वळणापर्यंत जात होता आणि रस्त्यानं चालणारी माणसं मान वळवून पाहत होती. हा आवाज तुमच्या थिएटरात कधी जन्मलाच नसता, कारण तिथे हळू बोलायची मुभा राणीलासुद्धा नाही. आणि तरी, कडवं संपल्यावर, तिनं माईक ओठापासून काढून पार कमरेशी नेला आणि वर गेली, तुमच्या उंचीवर, पूर्ण. तेही तिचंच होतं. घाम गाळून मिळवलेलं होतं. ते टाकून देऊन तिनं गरिबासारखं फक्त घरचं घ्यावं, किंवा घरचं टाकून फक्त तुमचं घ्यावं, हा सौदा कोणी ठरवला? खालचं माईकनं नेलं, वरचं तिनं अर्धं स्वतः नेलं, अर्धं माईकनं. पियुषनं अंगठा दाखवला.

दिवस कलला. माणसांचा लोंढा मंडपाशी येऊन थबकत होता, पाणी पीत होता, बसत होता. भिवापूरकडून आलेल्या बायांनी चपला काढून त्यांवरच बैठक मारली. केयूरचा फोन पुन्हा आला. तालमीच्या खोलीत कमिटी बसली होती. काय सांगू, त्यानं विचारलं.

"मी सोडत नाही, असं सांग. डिसेंबरही नाही अन् आजचंही नाही. काढायचं असन तं त्यांनी काढावं. तोंडानं सांगून काढावं, कारण देऊन."

"ते असं कधी करत नाहीत गं. तुला माहीत आहे."

"म्हणूनच. तुझा फोन स्पीकरवर टाक अन् पियानोवर ठेव. बंद करू नको. बाकी मी पाहीन."

"माझी नोकरी आहे, रोशनी." मग पावलं, दार, खुर्च्यांचा आवाज, कोणीतरी विचारलं कोण आहे, आणि लाकडावर फोन ठेवल्याचा टक् असा आवाज. पोरगा वाईट नव्हता, हे तिला आधीच माहीत होतं.

तिनंही आपला फोन स्पीकरवर टाकून, चालूच, हार्मोनियमवर ठेवला. प्रशिकनं जयभीम घातला, गर्दीतून जयभीम परत आला, भिंतीवरून परत येतो त्याहून जड, कारण तो माणसांतून आला होता. आई केव्हाच शेवटी गेली होती. आता तो शेवट कुठे होता तेही नीट दिसत नव्हतं, डोकी, बोचकी, कडेवरची पोरं, वळणावरचा टँकर. रोशनीनं बापाचा रुमाल माईकला गुंडाळला. आता शॉक बसत नाही, तरी गुंडाळला. ओठाला लावला. राणीचं ते लांब गाणं पोटात कुठेतरी जागं होतं; त्याला तिनं म्हटलं, थांब, तूही येशील. मग एकच ओळ. दार उघडं ठेव माय, लोक येऊन राहिले. आणि थांबली. ढोलकीवाला थांबला. पुढच्या खुर्च्यांतले पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. ती थांबून राहिली. पार मागं, संध्याकाळच्या धुरात, एक हात वर झाला. पांढऱ्या बाहीचा, सरळ, कोपरात न वाकलेला. मग त्याच्या शेजारी आणखी एक, मग कडेवरच्या पोराचा, मग त्या रांगेतले कितीतरी, कोणी न सांगता. कोणाचाही उजेड त्यांच्या तोंडावर आला नाही.

दुसरी ओळ म्हणायच्या आधी तिनं हार्मोनियमवरचा फोन उचलला आणि माईक त्याच्याजवळ नेला, म्हणजे कमिटी जे बोलेल ते वळणापर्यंतच्या माणसांनाही ऐकू येईल.

"इकडं शेवटच्या माणसाले ऐकू आलं," ती म्हणाली. "तुमच्याकडं आलं का? आलं असन तं एवढंच सांगा. अशा कार्यक्रमांत गाऊ नको म्हणता. मी थांबून आहे, हे सगळे थांबून आहेत, दुसरी ओळ थांबून आहे. बोला. अशा म्हणजे कशा?"